तिचा जोर येऊ द्या

मिलिंद ऑफिसात आला तेव्हा मी दूध संघाच्या सभेची पत्रं गावांप्रमाणे लावत होते. उभ्याउभ्याच म्हणाला, "मावशी, बाबांना परत सोलापूरला न्यायचंय. आई नको म्हणती. तुम्ही समजवा, तुमचं ऐकंल ती." मी गठ्ठे बांधले, कपाटाला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर निघाले. परंड्यात आमच्या ऑफिसपासून त्यांचं घर लांब नाही. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. गाडी सांगून ठेवली आहे, दवाखान्यात ओळख निघाली आहे, नाकातून नळी घातली की पोटात अन्न जाईल. मला ते पटत होतं. व्यवस्था करता येत असेल तर करावी, हा माझा स्वभावच आहे. सुभद्रावहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, काय काय सांगायचं ते मी चालता चालता मनात क्रमानं लावून घेतलं होतं.

सोपानराव वाघमारे आमच्या संघाचे पशुधन पर्यवेक्षक. गावोगाव त्यांना डॉक्टरच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. आधी बोलणं थोडं सुधारलं, मग पुन्हा बिघडलं. मी गेले तेव्हा ते नवारीच्या बाजेवर डाव्या कुशीवर होते, पाठीमागं गोधडीची गुंडाळी लावलेली. सुभद्रावहिनी उशाशी वाटी घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या बाई. बघा तुमची गाय. कालपस्नं वैरणीला तोंड लावंना." सोपानरावांच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती जराशी हलली... ते हसले होते. मिलिंदला मात्र ते आवडलं नाही. "आई, काय बोलतीस?" म्हणाला. हा विनोद त्याच्या जन्माच्या आसपासचा. त्याला तो कुणी सांगितला नसावा.

बहात्तरच्या दुष्काळात तळी आटायला लागली तेव्हा पाणी मध्यावर डबक्याएवढं उरलं होतं आणि भोवती गाळ. तहानलेली जनावरं त्या पाण्यासाठी आत जायची आणि पोटापर्यंत रुतून बसायची. लोक शिंगाला, नाहीतर शेपटीला दोर लावून ओढायचे. जनावर बाहेर यायचं, पण मान मोडून, नाहीतर पाय निखळून. आमचा संघ तेव्हा नवा होता. सोपानरावांनी चेअरमनसाहेबांना गळ घातली, की औषधं कमी मिळाली तरी चालतील, पण रुतलेलं जनावर कसं काढायचं याची शिबिरं घेऊ द्या. ती मंजूर झाली आणि व्यवस्था माझ्याकडे आली. गोणपाट, घमेली, घागरी, एक जुनी दाराची फळी, गूळ, चहापत्ती. मी नुकतीच नोकरीला लागले होते. माझा नवरा गेल्यावर भावानं ही नोकरी मिळवून दिली होती आणि काहीही विसरलं तर ती जाईल या धास्तीनं मी चहाची गाळणीसुद्धा लिहून ठेवायची.

पट्टा मात्र माझ्या यादीत नव्हता. दोर कातडीत रुततो, म्हणून छातीखालून घालायला रुंद काहीतरी हवं होतं. शिबिराच्या आदल्या दिवशी सोपानरावांनी घरच्या बाजेची नवार उसवली. वहिनींना माहेरहून आलेली ती बाज. नवार दुहेरी करून तिला गोणपाट शिवून पट्टा केला. वहिनी मला म्हणाल्या, "आता म्या भुईवर निजायचं अन् गाईनं झुल्यात." पण पट्ट्याची शिवण त्यांनीच घातली होती. टाके बघितल्यावर कळलं.

पहिल्या शिबिराला मोठा प्रश्न असा, की शिकवायला जनावर कुठून आणायचं? मरणाच्या दारातलं जनावर सरावाला कोण देणार? सोपानराव अंगानं चांगले भरलेले. त्यांनी सदरा काढला, चष्मा माझ्याकडे दिला आणि तळ्याकाठच्या चिखलात आडवे झाले. "मी गाय. उठवा." लोक हसले. "डॉक्टर, दूध किती देता?" कुणीतरी ओरडलं. "आधी उठवा, मग काढा," ते चिखलातून म्हणाले. पुन्हा हशा झाला आणि मग तो थांबला, कारण आता कुणीतरी पुढं होऊन त्यांच्या छातीखाली हात घालायला हवा होता... छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर सोपानरावांच्या वडिलांनी आणि त्यांच्या सगळ्या वस्तीनं मेलेली जनावरं ओढायचं सोडलं होतं. त्यांची पाणवठ्याची जागा अजून वेगळी होती. जमलेल्यांत बरेच जण असे होते, की सोपानरावांनी सुई टोचलेली त्यांच्या गाईला चालायची, पण त्यांच्या हातचं पाणी चालायचं नाही. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. सोपानराव तसेच पडून होते. थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाले, "बाई, गाय उठंपतुर चहा टाकू नका."

मी स्टोव्ह पेटवला नाही. उन्हात सगळे उभे. शेवटी एक म्हातारे आप्पा पुढं आले. "उचला रं, चहा खोळंबलाय," म्हणाले आणि त्यांनी गाळात गुडघे टेकले. मग बाकीचे आले. मला पुढं जेव्हा जेव्हा विचारलं गेलं, की ते स्वतःच का पडायचे, तेव्हा मी तेच सांगितलं जे ते सांगायचे, "वजन लागतं." पुढच्या प्रत्येक गावात ते पडले आणि प्रत्येक गावात चहा थांबला.

उठवायचं कसं, ते झोपूनच सांगायचे. पायाभोवतीचा गाळ हातानं काढा, पायाच्या कडेनं पाणी सोडा म्हणजे गाळ पकड सोडतो. डोळ्यावर ओलं फडकं टाका. फळी सरकवा. गाय मागनं उठती, मागनं आधार द्या. पट्टा धरला की ओढू नका, नुसतं धरा. आणि मग ते वाक्य, "तिचा जोर येऊ द्या." आपण धरलं की ती स्वतः जोर लावते का, ते हाताला कळतं. जोर आला की त्याच्यात आपला मिसळायचा. नुसत्या आपल्या जोरावर उभी केली तर सोडल्यावर पडते आणि पडली की मोडते.

पुढं आप्पांचीच गाय रुतली. आम्ही गेलो. गाळातून ती नीट निघाली, छाती भुईला टेकवून बसती केली, पाय चोळले, पट्टा घातला. हात लावून सगळे थांबले. जोर आला नाही. पुन्हा धरलं, पुन्हा नाही. आप्पा रडकुंडीला आले. "डॉक्टर, ओढा की! एवढी माणसं हायती." सोपानराव म्हणाले, "आप्पा, ती दमली. आता उठवायचं न्हाय, सांभाळायचं." त्यांनी पट्टा सोडला, तिच्यावर गोणपाटाची सावली धरायला लावली, तोंड ओलं करत राहिले. अधूनमधून सगळ्यांना बोलावून तिची कूस बदलायचे. दिवस कलताना ती गेली. मग तिथं पुन्हा ती पहिल्या शिबिरातली शांतता आली. सगळ्यांची नजर सोपानरावांकडं. त्यांनी घागरीतलं पाणी घेऊन हात धुतले, नवारीचा पट्टा गुंडाळला आणि सरळ आप्पांकडं बघून म्हणाले, "माझं काम झालं. आता तुमचं." आप्पांनी मान हलवली. त्यांनी आणि त्यांच्या भावांनी खड्डा काढला.

तर त्या दुपारी परंड्याच्या घरात वहिनी म्हणाल्या, "पाणी पाजू. बसवा त्यास्नी." मिलिंदनं खांद्याला धरलं, मी कंबरेखाली हात घातला. तो दंडाला धरून ओढायला लागला. मी म्हटलं, "थांब. त्यांचा जोर येऊ दे." हे मी ठरवून बोलले नव्हते. आम्ही थांबलो. सोपानराव माझ्याकडं बघत होते. माझ्या हाताखाली अंग नुसतं जड होतं. पुन्हा धरलं. पुन्हा काही नाही. मग त्यांच्या ओठाची ती एक बाजू हलली. शब्द लांबत, तुटत आले, पण मला कळले. "माझं... झालं. आता... तुमचं."

वहिनींनी वाटी खाली ठेवली. मी मिलिंदला म्हटलं, "गाडी नको म्हणून सांगून ये." तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला मी कशासाठी आणलं?" मला ते ऐकू आलं आणि काही वाटलं नाही. नंतरही फारसं काही वाटलेलं नाही, ते तसंच लिहिते. मी पदर खोचला. आम्ही त्यांची कूस बदलली, ओठ ओले केले, खिडकीला ओलं धोतर बांधलं. मी रोज ऑफिस सुटलं की जात होते. मिलिंद असायचा, काम सगळं करायचा, माझ्याशी बोलायचा नाही. आठवड्याच्या आत, एका सकाळी, कूस बदलताना ते गेले. आप्पांचे मुलगे आले होते. कुणी सांगायच्या आत त्यांनी खांदा दिला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी सतरंज्या, पाणी, खीर, सगळं बघत होते. वंदना झाली, भाषणं झाली, "जयभीम, बाई" म्हणत लोक उठून गेले. आतल्या खोलीत वहिनी पांढऱ्या साडीत भिंतीशी बसून होत्या. बाज उभी करून ठेवली होती आणि नवार उसवून, धुऊन, शेजारी गुंडाळून ठेवलेली. आंदणाची ती नवार दुष्काळ सरल्यावर पुन्हा बाजेला लागली होती. धुतली तरी तिच्या काठाला तळ्यातल्या गाळाचा रंग आहे, तो गेलेला नाही. सकाळपासून वहिनी जेवल्या नव्हत्या. "उठा, दोन घास खा," मी म्हटलं. त्या माझ्याकडं बघत होत्या, पण ऐकलंसं दिसलं नाही. मी खाली बसून त्यांच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं आणखी एक हात आला, मिलिंदचा. तो आता ओढणार असं मला वाटलं... त्यानं ओढलं नाही. त्यानं नुसतं धरलं.

आम्ही दोघं तसेच थांबलो. बराच वेळ काहीच नव्हतं. मग माझ्या तळहाताला वहिनींचा जोर लागला.