साखरबाईला विचारा

वरकुटे फाट्यावर माझं मोटारी भरायचं दुकान आहे. म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची. आमच्याकडच्या विजेचा दाब असा, की उन्हाळ्यात रोज एखादी मोटार येतेच. धंद्याला मरण नाही. मरण आहे ते मला, कारण मोटारीबरोबर मालक येतो आणि मालकाबरोबर त्याचं मत येतं. मोटार जळाली, एवढंच त्यात खरं असतं. भावकीनं मुद्दाम विजेचा एक फेज काढला, मानसिंगनं, म्हणजे मीच, गेल्या खेपेला तारच हलकी घातली, अमावस्येला बटण दाबलं म्हणून बाधलं, हे सगळं तो वाटेतच ठरवून आलेला असतो. ऐकून ऐकून माझे कान विटले आहेत. मी तरी कुठं कमी आहे म्हणा. मतं मलाही ढीगभर आहेत, फक्त माझी मला बरोबर वाटतात.

दुकानाला लागूनच साखरबाईचं चहाचं छप्पर होतं. फाट्यावर मत नसलेलं एवढंच एक माणूस. निदान आम्ही तसं समजत होतो.

ती मूळची मेंढरांतली. दिवाळी झाली की नवरा बिरू आणि ती घोड्यावर बिऱ्हाड लादून, कळप घेऊन घाटाखाली उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. एका मुक्कामाला त्यांचं कोकरू गेलं. जवळच्या वस्तीवरच्या माणसानं ते उचललं असं बिरूनं बसल्या जागी ठरवलं. भांडायला गेला आणि हात मोडून घेऊन आला. सकाळी कोकरू ओढ्याच्या जाळीत अडकलेलं सापडलं, चांगलं जिवंत. हात मात्र बिरूचा मरेपर्यंत वाकडाच राहिला. "तवापासनं मी ठरीवलं," ती सांगायची. "कोकरू न्हाय तर न्हाय म्हणायचं. कुणी न्हेलं ते म्हणायचं न्हाय."

पुढं बिरू गेला, मेंढरं विकली, मुलगा राम दोन एकर जमिनीवर राबायला लागला आणि म्हातारीनं फाट्यावर चूल मांडली. मी तिला मावशी म्हणायचो.

आता फाट्यावरच्या चहावाल्याचा खरा धंदा चहाचा नसतो, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न जमवायचं तर आधी चौकशी करायची. स्थळाच्या घरी जाण्याआधी दोन शहाणी माणसं गुपचूप यष्टीतनं उतरतात, अर्धा अर्धा चहा सांगतात, ऊसपाण्याचं बोलतात आणि मग सहज आठवल्यासारखं विचारतात, "हितं अमक्याचं घर कुठशी आलं? माणसं कशी हायती?" उत्तर कसं द्यायचं तेही ठरलेलं आहे. मोडायचं नसेल तर घर सोन्यासारखं म्हणायचं. मोडायचं असेल तर "तसं बरं हाय" म्हणून दुसरीकडं बघायचं. पाहुणेही मुरलेले असतात. सोन्याच्या खाली कुणी एक पायरी उतरला, की ते समजून जातात.

साखरबाईला हे जमत नसे. जमत नसे की जमवायचं नव्हतं, कोण जाणे. म्हस्कूच्या पोराला बघायला आलेल्यांनी विचारलं, पोरगं पितं का. ती म्हणाली, "एकदा हितं गटारीच्या कडंला वकताना बघितलं. प्यालेलं हुतं का पोट बिघडल्यालं, ते मला म्हाईत न्हाय." पाहुणे परत आले नाहीत. म्हस्कू महिनाभर समोरच्या बाजूनं जायचा आणि तिकडूनच ओरडायचा, "चांगलं म्हणाया जिभेला काटं येत्यात म्हातारीच्या!" दुसऱ्या एका घरची जमीन विचारली तर म्हणाली, तलाठ्याला विचारा. सुनेला नांदवतात का विचारलं तर म्हणाली, "मी त्यांच्या घरात ऱ्हात न्हाय. सून बाजाराला जाताना दिसती, हासत बोलती. आतलं न्हाय ठावं."

गावात तिच्यावर दातओठ खाणारे पुष्कळ होते. पण बाहेर तिचं नाव झालं. पार बारामतीकडची माणसं म्हणायची, वरकुट्याच्या फाट्यावर उतरा आणि म्हातारीला विचारा. मलाही त्याचा अभिमान वाटायचा. सगळीकडं तोंडाला येईल ते बोलणारी माणसं, आणि माझ्या शेजारी ही एक बाई पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या ताटांत वाढते, याचं मला कौतुक होतं. गिऱ्हाइकांना मी ते रंगवून सांगायचो.

मग मनिषाची पाळी आली.

मनिषा म्हणजे रामची थोरली, साखरबाईची नात. बारावीला ती नापास झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी घरातनं निघून गेली. दोन रात्री बाहेर राहिली आणि तिसऱ्या दिवशी आपल्या पायानं परत आली. बापानं दारातच थोबाडीत मारून विचारलं, तेव्हा म्हणाली, "वडगावला हुते, आण्णा, प्रतिक्षाकडं." प्रतिक्षा तिची मैत्रीण. मामाकडं राहून आमच्या गावात दहावी झालेली, नंतर आपल्या घरी वडगाव निंबाळकरला परत गेलेली. रामनं आणखी एक ठेवून दिली आणि विषय मिटवला. घरात मिटला तो. गावात तो तिथंच सुरू झाला. कुणी म्हणे इंदापुरात एका पोराबरोबर दिसली. कुणी म्हणे पुण्याला गेली होती, पोरगं पळालं म्हणून परत आली. कोण दिसलं, कुणाला दिसलं, काही नाही. नुसतं "म्हणत्यात". हे म्हणणारे कोण, कुठं राहतात, मला आजवर सापडलेले नाहीत.

साखरबाई यावर एक अक्षर बोलली नाही. कुणी खोचून विचारलंच तर, "मी बघितलं न्हाय," एवढंच. मला वाटायचं, वा, काय ताकदीची बाई आहे.

दीड वर्षानं, अठ्ठ्याण्णवच्या माघात, कऱ्हाटीचं स्थळ आलं. बागायत घर, मुलगा दूध डेअरीत नोकरीला, देण्याघेण्याची अडवणूक नाही. असं स्थळ रामच्या दाराला पुन्हा लागणार नव्हतं. मुलगी बघायला यायच्या दिवशी मुलाचा चुलता आणि मामा आधी चौकशी करावी म्हणून निघाले आणि कुणीतरी सांगितल्यामुळं सरळ आमच्या फाट्यावर उतरले. मी बाहेर बसून मोटारीचं बेअरिंग ठोकत होतो. चुलता म्हणजे पांढऱ्या टोपीतला शांत म्हातारा. त्यानं चहा घेतला आणि रामचं घर विचारलं.

"राम माझा ल्योक हाय," साखरबाई म्हणाली. "मनिषा माझी नात."

मामा उठायलाच लागला. म्हातारा हसला. "मग तुमास्नी काय इचारायचं? पर आमी ऐकलंय, तुमी खरं त्येच सांगता. म्हणून इचारतो. राग धरू नका. पोरगी दोन रात्री घरातनं गेलती म्हणत्यात. खरं हाय का?"

"व्हय. गेलती."

"कुठं?"

"मैतरणीकडं वडगावला हुती, असं तिनं बापाला सांगितलं."

"बापाला. आन तुमचं काय म्हणणं?"

"मी बघाया गेले न्हाय, आबा."

"आवो, आजी हाय तुमी. तुमास्नी काय वाटतं, ते तर सांगाल का न्हाय?"

ती फडक्यानं फळी पुसत राहिली. "माझ्या वाटण्याला काय करायचंय?"

मला तिथून पाना फेकून मारावासा वाटला. कुणाला, तिला की त्या म्हाताऱ्याला, ते आजही सांगता येत नाही. त्यानं उरलेला चहा संपवला, कपबशी नीट फळीवर ठेवली, "बरं" म्हणाला. दोघं रस्ता ओलांडून गेले. गावाकडं वळले नाहीत. बारामतीकडं जाणारी यष्टी आली, तीत चढले. रामच्या घरी त्या दिवशी पोह्यांची तयारी करून, शेणानं सारवून, माणसं वाट बघत बसली होती.

राम आला तो तणतणत. "गावाच्या पोरांची मोडलीस ती मोडलीस. आता घरातलीबी मोड! एक शबूद, आये. सोन्यासारखी पोरगी हाय, येवढा एक शबूद तुझ्या तोंडातनं न्हाय निघाला?" ती चुलीत काटक्या सारत बसली. तो गेल्यावर मीही सोडलं नाही. म्हटलं, "मावशी, तुमचं खरं-खोटं मला कळतं. पण 'माझ्या नातीवर माझा विश्वास आहे', असं सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं का?"

तिनं माझा कप उचलून विसळायला घेतला. मला वाटलं हट्टी आहे म्हातारी.

मग मीच डोकं चालवलं. वडगाव काही लंकेत नाही. म्हटलं, चला, जाऊन बघू. एकदा तुमच्या डोळ्यांनी, तुमच्या कानांनी खात्री करा आणि मग कऱ्हाटीला निरोप पाठवू. मला तसंही बारामतीतनं तांब्याची तार आणायची होती. ती लगेच तयार झाली. दुसऱ्या दिवशी मनिषाला छपरात बसवलं आणि आम्ही निघालो. बारामतीला यष्टी बदलली. वाटेत दोन्ही बाजूंनी तुटलेला ऊस, उसाच्या शेंड्यांचे, वाढ्याचे भारे, टायरच्या बैलगाड्या. म्हातारी खिडकीशी अंग चोरून बसली होती.

प्रतिक्षाचं घर सापडायला वेळ लागला नाही. प्रतिक्षा लग्न होऊन गेली होती. तिची आई कौसल्याबाई गोठ्यात जर्सी गाईच्या कासेखाली बसली होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती चरवी घेऊन उठली.

"मनिषा? व्हय की, हितंच हुती दोन रात्री. नापास झाली म्हणून रडून रडून डोळं सुजल्यालं. पहिल्या दिशी जेवलीबी न्हाय. माझ्यासंगं धारा काढायची, शेण उचलायची. मी म्हणलं आज कुणी बघाया येईल, उद्या येईल. कुणीच न्हाय आलं. मग मीच दोन भाकरी बांधून दिल्या आन यष्टीत बसीवलं." ती आमच्याकडं बघत राहिली. "का? आत्ता काय झालं?"

काय झालं ते मी सांगितलं. कौसल्याबाईनं कपाळावर हात मारला. "आवो, मग ह्ये तवाच इचारायचं न्हाय व्हय? मी कुठं चालली हुती?"

येताना साखरबाई वेगळीच बाई झाली होती. यष्टीत शेजारच्या अनोळखी बाईला नातीचं कौतुक सांगत होती. माझ्याकडं वळून म्हणाली, "आता इचारू दे कुणीबी. मी सोत्ता ऐकून आले. माझ्या कानानं." मलाही बरं वाटलं. एक काम तरी धड झालं म्हटलं. कऱ्हाटीच्या म्हाताऱ्याशी काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. खरं तर मला आतून माहीत होतं की त्या लोकांनी आतापर्यंत दुसरीकडं बोलणी लावली असणार. ती लावलीही होती, आठच दिवसांत कळलं. पण त्या वेळी आम्ही दोघं खुशीत होतो.

फाट्यावर उतरलो तेव्हा मनिषा कप विसळत होती. साखरबाईनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"वडगावला जाऊन आले, बाय. त्या कौसल्येनं सगळं सांगितलं. तू तितंच हुतीस. रडत हुतीस, धारा काढत हुतीस. आता माझी पक्की खातरी झाली."

मनिषानं हातातला कप ठेवला. मला वाटलं पोरगी आता रडेल, म्हातारीच्या गळ्यात पडेल.

"दीड वरीस मी तुझ्या आंथरुणात निजते, आज्जी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "आण्णानं मारत मारत इचारलं, त्येला सांगितलं. गावानं इचारलंच न्हाय. तू वडगावला जाऊन त्या बाईला इचारलंस. मला का न्हाय इचारलंस?"

मी मधे पडणार होतो. मावशीला कुणाचं ऐकीव चालत नाही, तिचं वळणच तसं आहे, असं काहीतरी माझ्या तोंडाशी आलं होतं. पण साखरबाईनं हातानं मला थांबवलं. ती बाकावर बसली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"भ्या वाटलं," ती म्हणाली.

"कशाचं?"

"तू लोक म्हणत्यात तसंच सांगशील त्याचं."

मनिषानं उरलेले कप विसळले, पदराला हात पुसले आणि घराच्या वाटेला लागली.