भंडार कोती

माझी शेवटची पोस्टिंग पूर्वोत्तरातल्या एका डोंगरी पोस्टवर होती. तिथं तीन वर्षं काढली. एकदा एका गाइडनं सांगितलं, वाट साफ आहे. त्याच वाटेवर आमच्या एका जवानाचा पाय सुरुंगानं गेला. गाइडला माहीत होतं की नव्हतं, हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं की माहीत होतं. तेव्हापासून कोणी रस्ता दाखवला की मी त्याचं बोट पाहत नाही, डोळे पाहतो.

चोवीस वर्षांची नोकरी करून नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि भिलाईला परत आलो. वडील स्टील प्लांटात होते, लहानपण सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये गेलं. आता रिसालीत घर आहे. मी रिटायर झालो, माझा संशय झाला नाही. आमच्या घरची म्हणते, "तुमी तं दूधवाल्यालेही आयडी कार्ड मागाल." एकदा खरंच मागितलं होतं. महिनाभर तो आमच्याकडे पाणी घातलेलं दूध देत होता, मुद्दाम.

इथं आम्ही सात जणांची एक टीम केली. तीन माजी सैनिक, बाकी फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले. नदीत कोणी बुडालं, जंगलात कोणी हरवलं, की पोलिसांना कळवायचं आणि निघायचं. सामान म्हणजे दोर, स्ट्रेचर, चार वॉकीटॉकी सेट, एक भोंगा. माझा टू-आयसी, म्हणजे माझ्यानंतरचा दुसरा, मरोद्याचा रामटेके. आगीत जन्म गेला त्याचा, पण डोकं बर्फासारखं थंड. माझं उलटं आहे.

मे महिन्यातला शनिवार होता. संध्याकाळी सातला शेंडे वहिनींचा फोन आला. सुलोचना शेंडे, आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहतात. आवाज सरळ होता, पण श्वास लागत होता.

"भाऊजी, हे अजून नाई आले. पोट्टी संगं हाये. दोघायचे फोन बंद येऊन राहिले."

'हे' म्हणजे देवानंद शेंडे. प्लांटात क्रेन ऑपरेटर, रिटायरमेंटला दोन वर्षं बाकी. पोट्टी म्हणजे स्वाती, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, वय बावीस. तिला गिर्यारोहणाच्या कोर्सला जायचं होतं. सरावासाठी ती दर शनिवारी काकाला, तिच्या मोठेबाबांना, घेऊन कुठला तरी डोंगर चढायची. त्या दिवशी दोघं बालोदच्या पलीकडचा डोंगर चढायला गेले होते. मी पोलिसांना कळवलं. पहाटे चारला आम्ही निघालो. वहिनी जीपमध्ये येऊन बसल्या. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

सहा चाळीसला पायथ्याच्या गावात पोहोचलो. शाळेच्या आवारात शेंडेंची मोटरसायकल उभी होती, हँडल लॉक लावलेलं. शाळेचा व्हरांडा हा आमचा बेस. डोंगर शाळेच्या बरोबर उत्तरेला होता. चार जण मळलेल्या वाटेनं माथ्यापर्यंत जाऊन आले. काही नाही. माथ्यावर खडक होते, पायाचा ठसा उमटायला माती नव्हती. दोन माणसं माथ्यावरून कुठल्याही बाजूला उतरली असू शकत होती. आठ वाजताच ऊन चटके देत होतं.

आठ तीसला एक माणूस आपल्या पायानं शाळेत आला. नाव समारू, पन्नाशीचा, बकऱ्या चारणारा. हातात निळी पाण्याची बॉटल होती. वहिनींनी लांबूनच ओळखली, "स्वातीची हाये!" म्हणून धावत आल्या. मी त्यांना थांबवलं. चौकशीच्या जागी घरचा माणूस नको, हा माझा नियम. भावनेच्या भरात माणूस समोरच्याला उत्तरं पुरवतो. त्यांना पंधरा पावलांवर कडुनिंबाखाली बसवलं आणि म्हटलं, "बोलावल्याशिवाय इकडे येऊ नका, वहिनी."

खरं सांगतो, समारूला पाहताच मला तो आवडला नाही. हरवलेल्या मुलीची बॉटल घेऊन कोण सकाळी सकाळी हजर होतो? ज्याला आपण स्वच्छ आहोत असं दाखवायचं असतं, तो. हा खेळ मी पाहिलेला होता.

"बॉटल कहाँ मिली?"

"रद्दा म परे रिहिस, साहब. बिहनिया." रस्त्यात पडलेली होती, सकाळी.

तो पुढं काही सांगायला लागला. मी हात वर केला. "जितना पूछा, उतना बोलो. उन दोनों को देखा?"

"कालि मंझनिया देखे रेहेंव." काल दुपारी पाहिले होते.

"किधर गए?"

"ओमन भंडार कोती गे हें, साहब." आणि शाळेबाहेर हात केला.

छत्तीसगढीत कोती म्हणजे कडे, एवढं मला येतं. राहिला भंडार. आम्हा प्लांटवाल्यांच्या पोरांना भंडार काय असतो हे सांगावं लागत नाही. भंडार विभाग म्हणजे स्टोअर्स. बाप तिथून ग्लोव्ह्ज आणि बूट आणायचा. आणि इथं तर डोंगराला वळसा घालून पश्चिमेला तीन किलोमीटरवर एका बंद पडलेल्या खाणीचं गोदाम होतं. येताना गावच्या कोतवालानं स्वतः सांगितलं होतं, भिंतीवर अजून 'भंडार' लिहिलेलं आहे. तिकडे जाणारी गाडीवाट शाळेतून आधी उत्तरेलाच निघते, मग डोंगराच्या पायथ्याशी डावीकडे वळते. समारूचा हात त्याच वाटेकडे होता. रामटेकेनं मान हलवली. सगळ्यांनीच हलवली.

"ह्याले इथंच बसवून ठेव," मी आमच्यातल्या एकाला म्हटलं. "पोलीस येईस्तोवर हलू द्यायचा नाही."

नऊ चाळीसला गोदामावर पोहोचलो. दाराचं कुलूप तोडलेलं होतं, ताजं. आत बिडीची थोटकं, बिस्किटाचे कागद. बाहेर मोटरसायकलच्या टायरच्या खुणा. बंद गोदाम, तोडलेलं कुलूप, बावीस वर्षांची मुलगी. मी समारूचा चेहरा आठवू लागलो आणि आठवेल तसा तो जास्तच बेरकी दिसू लागला.

"बेस, अल्फा. भंडारमध्ये कुलूप तुटलेलं. माणूस नाही. त्या बकरीवाल्यावर नजर ठेवा. ओव्हर."

"अल्फा, बेस. रॉजर. तो काहीतरी बोलून राहिला साहेब, समजून नाई राहिलं. ओव्हर."

"बोलू दे. आउट."

मग आम्ही गोदामाच्या चारी बाजूंना पिंजून काढलं. खाणीचे खड्डे, झुडपं, जुनी विहीर. भोंग्यावरून नावं पुकारली आणि पश्चिमेला सरकत गेलो. रामटेके एकदा म्हणाला, "साहेब, हे कुलूप भंगारवाल्यायचं काम वाटते. दोन माणसं इथं आले असते तं एक तरी ठसा भेटला असता." मी त्याच्यावरच उखडलो. म्हटलं, तू कधीपासून त्या बकरीवाल्याचा वकील झालास?

बारा वीसला रिकाम्या हातानं बेसवर परत. सावलीतसुद्धा दगड गरम लागत होता. समारू व्हरांड्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला. मी त्याच्यासमोर जाऊन ओरडलो, "भंडार में कुछ नहीं है! झूठ क्यों बोला?"

"भंडार कोती, साहब..." तो पुटपुटला.

"फिर भंडार!"

यानंतर तो गप्प झाला. घाबरून गप्प झाला होता. मी त्याला गुन्ह्याची कबुली समजलो आणि पोलिसांना फोन लावायला रेंज शोधत गेटकडे गेलो.

तेवढ्यात वहिनी उठल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. चार तास त्या माणसाला कोणी पाणी विचारलं नाही हे त्या झाडाखालून पाहत होत्या. पेला भरून त्याच्याजवळ गेल्या. वहिनी मरोद्याच्या बाजूच्या वस्तीत वीस वर्षांपासून अंगणवाडी चालवतात, दिवसभर पोरांशी आणि पोरांच्या आयांशी छत्तीसगढीच बोलतात. हे मला माहीत होतं. माहीत असून सुचलं नाही. आम्ही टाउनशिपची माणसं. ती भाषा आमच्याकडे भाजीवाल्यांची आणि रेजांची, म्हणजे बांधकामावरच्या बायांची, म्हणून आम्ही कधी शिकलोच नाही. अर्धीमुर्धी ऐकली आणि येते म्हणून समजलो.

बारा पंचावन्नला वहिनींची हाक आली. तशी हाक मी लढाईतही ऐकली नाही.

"भाऊजी! अवो, हा उत्तर म्हणून राहिला ना! भंडार म्हंजे उत्तर! डोंगराच्या मांगं, नाल्यात उतरले म्हणते थे!"

मी गेटजवळ उभा होतो. उत्ती म्हणजे पूर्व, बुड़ती म्हणजे पश्चिम, भंडार म्हणजे उत्तर. अंगणवाडीतल्या पोराला हे येतं.

एक वाजून पाच मिनिटांनी निघालो, वहिनी बेसवर थांबल्या. समारू पुढं. चपला तुटक्या, पण चाल अशी की आम्हाला धावावं लागलं. वहिनींनी त्याला विचारून घेतलेलं सगळं वाटेत रामटेकेनं मला सांगितलं. शनिवारी दुपारी ती दोघं माथ्यावरून चुकीच्या बाजूला उतरताना समारूनं पाहिली होती, हाकही मारली होती. त्यांनी नमस्कार समजून हात हलवला. सकाळी नाल्याच्या तोंडाशी बॉटल दिसली आणि गावात जीप आल्याचं कळलं, तसा तो बकऱ्या सोडून धावत शाळेत आला. हेच सगळं तो मला सांगणार होता. मीच म्हटलं होतं, जेवढं विचारलं तेवढंच बोल.

दोन दहाला नाल्यात सापडले. स्वाती खडकाच्या सावलीत बसलेली, ओठ फुटलेले, पण शुद्धीवर. शेंडेंचं डोकं तिच्या मांडीवर. शनिवारी उतरताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांना एकटं टाकून ती गेली नाही. रामटेकेनं मानेला बोटं लावली, माझ्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. शरीर अजून ताठलं नव्हतं.

स्वातीनं दोन घोट पाणी घेतलं आणि स्वतःच बोलू लागली. "मोठेबाबांनी त्यांच्या बॉटलमधलं सगळं मलेच पाजलं. म्हणे, मी क्रेनवर बसणारा, मले उन्हाची सवय हाये. सकाळी भोंगा ऐकू आला तं म्हणाले, आले बघ. आम्ही दोघंही ओरडलो. पण तुमचा आवाज दूर दूर जाऊन राहिला होता, काका. दूर कावून गेले तुम्ही?"

मी बॉटल परत तिच्या ओठांशी धरली.

"बारा वाजेपर्यंत बोलत होते," ती म्हणाली. "मी घड्याळ पाहिलं होतं."

समारू बाजूला उभा होता. डोक्याचं पागोटं सोडून त्यानं शेंडेंच्या तोंडावर पांघरलं. मग माझ्याकडे न पाहता बोलला, "मैं तो बिहनिया ले कहत रेहेंव, साहब." मी तर सकाळपासून सांगत होतो. मी त्याच्यासमोर हात जोडले. तो दुसरीकडे वळला. ते त्याचं बरोबरच होतं.

मी रिपोर्ट लिहिला. आठ तीस, स्थानिक माहिती प्राप्त. तेरा पाच, उत्तर दिशेला शोध सुरू. चौदा दहा, संपर्क. एकही ओळ खोटी नाही. आठ तीस ते तेरा पाच या वेळात आम्ही कुठं होतो हे मात्र त्यात नाही, आणि मला कोणी विचारलंही नाही. लोक घरी येऊन हात हातात घ्यायचे. म्हणायचे, साहेब, तुम्ही होते म्हणून पोट्टी वाचली. मी चहा पाजायचो.

शेंडेंचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रिसालीतच झाला, घरासमोर मांडव घालून. बुद्धवंदना झाली. प्लांटातली मंडळी बोलली. मग कोणीतरी माइक माझ्या हातात दिला, दोन शब्द बोला म्हणून. वहिनी पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत. बाजूला स्वाती. मी खिशातला लिहिलेला कागद काढला आणि परत ठेवला.

म्हटलं, "आठ तीसला एका माणसानं आम्हाला बरोबर दिशा सांगितली होती. त्या वेळी शेंडेसाहेब जिवंत होते. मला शब्द कळला नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण मला तो माणूस चोर वाटला. ज्यांना शब्द कळला असता, त्यांना मीच पंधरा पावलं लांब बसवलं होतं. साडेतीन तास ते वाट पाहत होते. ही चूक माझी आहे. टीमची नाही."

मागून एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब, आता काय त्याचं." वहिनींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या माणसाले मी विचारलं होतं, कितक वाजता सांगतलं म्हणून. पंधरा दिवस झाले, तुमी रोज माह्या दारावून जाता. मी पाहून राहिली होती, हा माणूस सांगते का लपवते."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लपवलं नाही.

"मी माफ केलं असं नाई म्हणत," वहिनी म्हणाल्या. "मले नाई जमत अजून. पण इथं सगळे चांगले माणूस, चांगले माणूस करून राहिले. तुमी फौजी हा. तुमी बरोबर सांगा, कोण होते थे."

मी सावधान उभा राहिलो.

"देवानंद शेंडे. क्रेन ऑपरेटर. वय अठ्ठावन्न. स्वतःचं पाणी पोरीला दिलं. रविवारी आठ तीसला जिवंत."