टेबलाच्या कडेवरचा हात

मावशींच्या दुकानात हाक मारायला बंदी होती.

पुस्तकबांधणीचं दुकान म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. दाराशी पुठ्ठ्यांची चळत, भिंतीला टेकून शिवायचे राहिलेले छापील कागदांचे फर्मे, कोपऱ्यात खळीचं पातेलं. मधोमध कागद कापायचं मशीन. बिडाचं, काळं, छातीइतकं उंच. दांडा खाली ओढला की पातं तिरकं उतरायचं आणि कागदांचा अख्खा गठ्ठा एका दमात कापला जायचा. आवाज फारसा व्हायचा नाही. कुणीतरी उसासा सोडावा, तेवढाच.

मशीनला लागून टेबल होतं. मावशींशी बोलायचं असेल तर त्या टेबलाच्या कडेवर हात ठेवायचा आणि उभं राहायचं. मावशींची नजर हातावर पडायची. त्या दांडा वर न्यायच्या, खिटी लावायच्या आणि म्हणायच्या, "हं, काय म्हणायचंय?"

मग बोलायचं. त्याआधी नाही.

नियम कुठून आला ते इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी मावशींचे यजमान मशीनवर असताना दारातून कुणीतरी हाक मारली. त्यांनी मान वळवली, दांडा ओढलेला होता. दोन बोटं गेली. हाक कुणी मारली ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, जेवायला चला, गार होतंय." एवढीच हाक होती. मारणारी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. यजमानांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मावशींनीही नाही.

पुस्तकबांधणीचं काम पुढे त्यांनीच चालवलं. शाळा सुटल्यावर इमारतीतली मुलं दुकानात येऊन बसू लागली. आईबाप कामावरून येईपर्यंत कुठे जाणार? मावशी त्यांना टेबलाभोवती बसवायच्या, अभ्यास घ्यायच्या. मुलांना त्यांनी कधी चापट मारली नाही की आवाज चढवला नाही. फक्त टेबलाची कड दाखवली.

नियम हळूहळू जिना चढला. पहिल्या मजल्यावर गेला, दुसऱ्यावर गेला, गच्चीपर्यंत पोचला. घरोघरी मोठी माणसं बोलत असली की मुलं येऊन कडेवर हात ठेवत आणि थांबत. टेबलाची, पलंगाची, ओट्याची, जी असेल ती कड.

"पाहुण्यांना वाटतं, आमच्याकडे पोरंबाळं नाहीतच," पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर अभिमानाने सांगत. शाळेतल्या बाई विचारत, "तुम्ही त्याच इमारतीतले ना?" अनोळखी माणसं मुलांच्या वळणाचं कौतुक करत, आणि ते कौतुक फिरून मावशींच्या दारात यायचं. मावशी म्हणायच्या, "मी कसलं वळण लावतेय? पोरंच गुणी." पण ऐकायला गोड वाटायचं.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाकू गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. त्यांची धाकटी येऊन शिलाई मशीनच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. काकूंनी छातीचं माप घेतलं, कंबरेचं घेतलं, बाहीचं घेतलं. गळा कसा हवा यावर बोलणं झालं. मग विचारलं, "काय गं?" मुलीने दुसऱ्या हातातला रुमाल उघडला. आत दात होता. जिन्यावरून पडली होती ती. तोंड रक्ताने भरलं होतं, आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर सांडू नये म्हणून तिने ते घट्ट मिटून धरलं होतं.

ही गोष्ट इमारतीत वर्षभर पुरली. सांगताना काकूंच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं. मावशीही हसल्या. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांची नात राहायला आली. मुलगी-जावई दूरच्या शहरात नोकरीला, पोर आजीजवळ. सात वर्षांची. आलेली कळायची नाही, गेलेली कळायची नाही, म्हणून सगळे तिला सावली म्हणू लागले. मावशींनी तिला काहीच शिकवलं नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा हात टेबलाच्या कडेवर होता.

आणि मग तिसऱ्या मजल्यावर एक नर्स आली. एकटी होती. सोबत चार वर्षांचा मुलगा.

त्या मुलाचं नाव पहिल्याच आठवड्यात भोंगा पडलं. तो सकाळी उठायचा तो ओरडतच. "आई! आई गं! मुंगी!" जिन्यात ओरडायचा, गच्चीत ओरडायचा. डाळ खाली सांडली तरी आग लागल्यासारखा आणि चिमणी दिसली तरी आग लागल्यासारखा. सावली त्याच्या मागेमागे फिरायची. तिला तो फार आवडायचा.

एका दुपारी तो दुकानात शिरला आणि मावशींच्या पाठीमागून ओरडला, "आजीऽऽ! माझी चप्पल हरवली!"

मावशींचा हात दचकला. पातं पेरापासून दोन सुतांवर थांबलं.

त्यांनी खिटी लावली. स्टुलावर बसल्या. सावली कोपऱ्यातून बघत होती. भोंग्याने टेबलाखाली वाकून स्वतःची चप्पल शोधली, आणि सापडली म्हणून पुन्हा ओरडला.

मावशी पोस्टमास्तरांकडे गेल्या. "मुलाला काही कळत नाही हो, पण आईला सांगायला हवं."

"रविवारी बसू," पोस्टमास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी दुकानात सगळे जमले. त्याच सकाळी मागच्या अंगणात जमिनीखालची टाकी साफ करायला माणूस आला होता. त्याने लोखंडी झाकण बाजूला सरकवलं, थोडंसं पाणी उपसलं आणि वॉशर आणायला म्हणून बाजारात गेला. झाकण तसंच राहिलं. उरलेलं पाणी मोठ्या माणसाच्या मांडीला लागलं असतं.

मुलांना अंगणात खेळायला पाठवलं होतं.

"नर्सबाई, राग मानू नका," पोस्टमास्तरांनी सुरुवात केली. "इथे आपण सगळे एका घरासारखे राहतो."

"राग कसला?" नर्स म्हणाली. रात्रपाळी करून आली होती. डोळे लाल होते. "तो ओरडतो, ते मला मान्य आहे. पण चार वर्षांचा आहे हो."

"चार म्हणजे काही तान्हा नाही," शिवणकाकू म्हणाल्या. "माझी धाकटी दात हातात घेऊन उभी होती, पण तोंड उघडलं नाही तिनं."

"मला नाही कळलं. त्यात चांगलं काय झालं?"

काकूंनी पदर सारखा केला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आई! आई गंऽऽ!"

नर्स अर्धी उठली.

"बसा हो," काकू म्हणाल्या. "मुंगी दिसली असेल."

सगळे हसले. नर्सही हसली, ओशाळून. आणि खाली बसली.

आवाज आणखी दोनदा आला. मग थांबला.

"पाहिलंत?" पोस्टमास्तर म्हणाले. "कुणी लक्ष दिलं नाही की आपोआप थांबतात."

मग मावशी बोलू लागल्या. त्यांना हे बोलणं टाळायचं होतं, पण वेळ आली होती. त्यांनी यजमानांच्या बोटांची गोष्ट सांगितली. एका हाकेने माणसाचं काय होतं ते सांगितलं. अवघड जागा आली तशी त्यांनी ती नेहमीसारखी गाळली. तेव्हा सावली दारातून आत आली आणि तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

हात ओला होता. कोपरापर्यंत. फ्रॉकच्या पुढच्या घेरातून पाणी टपकत होतं. पाण्यात खेळली वाटतं, मावशींच्या मनात आलं.

"काय गं बाळ?" नर्सने विचारलं.

सावलीने आजीकडे बघितलं. मावशींनी नर्सला बोटाने थांबवलं.

"हेच, नर्सबाई. हेच सांगतेय मी. बघा ही पोर. हिला काहीतरी सांगायचंय. पण घाई आहे का? रडारड आहे का? तिला ठाऊक आहे, आजीचं बोलणं संपलं की आजी विचारणार आहे. यात मुलाला भरवसा मिळतो. तुमच्या मुलाला तो मिळालेला नाही, म्हणून तो ओरडतो."

"खरंय," पोस्टमास्तर म्हणाले.

मावशी आणखी बोलल्या. शाळेच्या बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. चांगलं बोलत होत्या त्या दिवशी. शब्द आपोआप येत होते. कडेवरच्या हाताभोवती पाण्याचं लहानसं तळं साचत होतं. नर्सची नजर त्या तळ्यावरून हलत नव्हती.

पोस्टमास्तरांना घड्याळ बघायची जन्माची सवय. त्यांनी नंतर सांगितलं, सावली उभी होती ती सहा मिनिटं.

"हं," मावशी म्हणाल्या, आणि कौतुकाने नातीकडे वळल्या. "काय म्हणायचंय?"

"आजी, भोंगा टाकीत पडलाय," सावली म्हणाली. "माझा हात पुरला नाही. आधी तो ओरडत होता. आता ओरडत नाही."

नर्स उठली तेव्हा स्टूल उलटलं. अंगणात जाऊन तिने सरळ टाकीत उडी घेतली, आणि बाकीचे पोचेपर्यंत मुलाला वर ढकललं होतं. फरशीवर निजवून ती त्याची छाती दाबत राहिली. मोठ्याने आकडे मोजत होती. इमारतीत इतका मोठा आवाज कित्येक वर्षांत कुणा मोठ्या माणसाने काढला नव्हता. सगळे भिंतीला चिकटून उभे होते. बरीच आवर्तनं झाल्यावर मुलाच्या तोंडातून पाणी आलं.

तो जगला. अकरा दिवस इस्पितळात होता. बाराव्या दिवशी आईचं बोट धरून घरी आला.

आता तो ओरडत नव्हता. बोलतही नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल आवाज, वेळ लागेल. तो जिना उतरायचा तर भिंतीला हात लावून, एकेक पायरी. शिवणकाकूंना तो जिन्यात भेटला. बोलून गेल्या, "अगबाई, कसा शहाणा झालाय हो!" मग नर्सचा चेहरा बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

एका संध्याकाळी नर्स मुलाला घेऊन दुकानात आली. घर सोडतोय, एवढं सांगायला. मावशी मशीनवर होत्या. नर्स दारातच थांबली. मूल मात्र आत आलं. टेबलापाशी गेलं. टाचा उंचावून त्याने कडेवर हात ठेवला.

मावशींनी खिटी लावली. ती दोनदा निसटली.

"काय म्हणायचंय, बाळा?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. हात तिथेच होता.

"बोल ना, राजा. ओरड हवं तर."

नर्स पुढे झाली, तिने मुलाला कडेवर घेतलं आणि गेली. मावशींना वाटलं होतं, ती शिव्याशाप देईल.

त्यांनी सावलीला जवळ घेतलं. "तू का नाही गं ओरडलीस? दारातनंच सांगायचं."

"तू बोलत होतीस," सावली म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी नवा नियम केला. मुलांना टेबलाभोवती बसवून म्हणाल्या, "आजपासून मध्ये बोलायचं. काही झालं, कुणाला लागलं, भीती वाटली, की ओरडायचं. मी कामात असले तरी. कळलं?"

मुलांनी माना हलवल्या.

"ओरडून दाखवा."

मुलं एकामागून एक ओरडली. आधी सगळ्यात मोठा, मग त्याच्याहून लहान, वयाप्रमाणे. कुणी कुणाच्या मध्ये ओरडलं नाही. शिवणकाकूंच्या धाकटीने ओरडून झाल्यावर विचारलं, "बरोबर आलं का, मावशी?"

आठवडाभर मावशी रोज सांगत राहिल्या. मुलं रोज ऐकत राहिली. पाण्याचा ग्लास हवा असला तरी कडेवर हात यायचा. मावशी चिडल्या. "हात काढा तिथून!" मुलांनी हात काढले आणि ते मांडीवर ठेवून ती वाट बघत बसली.

शनिवारी दुपारी टेबलाभोवती पाच मुलं होती. मावशींनी मशीनवर कोरा गठ्ठा घेतला नाही. खिटी काढली. उजव्या हाताने दांडा धरला. डावा हात पात्याखाली ठेवला, पंजा पसरून. आणि त्या बोलू लागल्या.

"तुम्हाला एक गोष्ट सांगते. कुणाला सांगितलेली नाही. इथे, याच मशीनवर तुमचे आजोबा काम करत होते. आणि मी त्या दारात आले."

दांडा हळूहळू खाली येत होता. मावशी मुलांकडे बघत नव्हत्या. कान मात्र त्यांच्याकडे होते. एक हाक. किती का मोठी असेना. त्यांना फक्त तेवढीच हवी होती.

"मी ओरडले, अहो, जेवायला चला. मीच. दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं."

टेबलाच्या कडेवर एक हात आला. मग दुसरा. शिवणकाकूंच्या धाकटीचा, तिच्या शेजारच्या मुलाचा. चार झाले. पाचवा सावलीचा. बोटं पांढरी पडली होती. कड घट्ट धरली होती त्यांनी. कुणाचा तरी श्वास जोरात चालला होता.

"त्या दिवसापासून मला हाकेची भीती बसली," मावशी म्हणाल्या. दांडा आणखी खाली आला. पात्याची गार धार पेराला टेकली. "ती भीती मी तुम्हाला दिली. कळतंय का? माझी होती ती."

कुणी ओरडलं नाही.

मावशींनी दांडा थांबवला. खोलीत खळीचा वास होता. पाच हात कडेवर होते. पाच तोंडं मिटलेली होती आणि दहा डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते, बोलणं कधी संपतंय म्हणून.

"हं," मावशी म्हणाल्या. "काय म्हणायचंय?"

सावलीने कडेवरचा हात काढला. गालावरचं पाणी पुसलं.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा हात पात्याखाली आहे."