यार्डाच्या तोंडाशी

लेकीला मुलाखतीचं पत्र आलं आणि भिलाईजवळच्या चरोद्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये समुद्र शिरला. भिंतीवर नकाशा, जेवायच्या टेबलावर नकाशा. दूर समुद्रकाठच्या शहरात किनाऱ्यांचा अभ्यास शिकवतात, तिथे तिला जायचं होतं. हा दुसरा आणि शेवटचा प्रयत्न. मागच्या खेपेला "तुमच्या भिलाईत समुद्र कुठे आहे? मग तुम्हाला काय त्याचं?" असं विचारल्यावर ती गप्प बसली होती. घरात मात्र माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही!

सरावाला परीक्षक मीच. विचारलं, "सांगा, बाहेरच्या देशांले दुसऱ्याचा किनारा कावून पायजे?"

ती घडाघडा बोलू लागली. व्यापारी मार्ग, आरमारी तळ, अमुक सामुद्रधुनी. माझं डोकंच फिरलं.

"हे त पुस्तक बोलून राहिलं. तू कुठं हायेस याच्यात?"

तिला स्कूटरवर बसवलं आणि यार्डावरच्या पुलावर नेलं. त्या यार्डात गाड्या लावण्यात माझी सारी नोकरी गेली. खाली कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, उभा होता. कोळसा परदेशातून जहाजानं बंदरात आलेला आणि आता भिलाईच्या पोलादाच्या भट्ट्यांकडे निघालेला.

"पाय, लाइनी इतक्या, पण बाहेर निघायले तोंड एकच. तिथं एक रेक अडला का समदं यार्ड जाम. म्हणून तिथल्या सिग्नलच्या केबिनीवर सगळ्याइचा डोळा. तसाच तुया किनारा."

मी स्वतःवरच खूश झालो. लेक मात्र रुळांपलीकडच्या बंद फाटकाकडे बघत होती. तिथे सायकली, भाजीचा ठेला, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया.

"बाबा, रेक अडला का ते लोक किती वेळ थांबते?"

"रेक हटेपर्यंत."

"उनको कोई बताता है?"

मला रागच आला. मी शिकवतोय काय, ही विचारते काय! स्कूटर काढली आणि तिला घरी घेऊन आलो. पण रात्री जेवताना ध्यानात आलं. इतकी वर्षं मी केबिनमधून फाटक बंद की उघडं एवढंच पाहिलं होतं. त्यापाशी थांबलेली माणसं मला दिसलीच नव्हती. याची मला लाज वाटली, अजूनही वाटते.

मुलाखतीत पुन्हा तोच, भिलाईतल्या समुद्राचा प्रश्न आला. या वेळी तिने कोळशाचा रेक सांगितला, यार्डाचं तोंड सांगितलं आणि मग फाटक. किनाऱ्यावर डोळा सगळ्यांचा असतो, तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारत नाही, मला ते विचारायला शिकायचंय, असं म्हणाली. तिची निवड झाली. मी कॉलनीभर पेढे वाटले.

तिला स्टेशनवर सोडायला निघालो तर फाटक बंद. एरवी मी केबिनला फोन लावायचो, किती वेळ लागेल ते विचारायचो आणि तेवढ्यात टपरीवर चहा पिऊन यायचो. आमच्या यार्डातले सगळेच असं करतात. त्या दिवशीही फोन लावला. मग पुढे जाऊन मोठ्याने सांगितलं, "कोयले का रेक है, बीस मिनट लगेंगे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चलो, आज किसी ने बताया तो," एक बाई म्हणाली. तिने डोक्यावरची टोपली खाली उतरवली आणि सावलीत जाऊन बसली. आजवर ती उभीच राहत असणार.