अर्धवट पोथीची तक्रार

आषाढातल्या एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी यमुना वारली. अकरा दिवस थंडीताप होता. माझ्याजवळचं क्विनीन संपलं होतं. पावसानं टपाल एक दिवस अडकलं; नवं सुप्याहून आलं ते बुधवारी.

मी तेव्हा गुंदच्या शाळेत मास्तर होतो. युरोपातली लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. शाळा एकशिक्षकी होती. म्हणजे चारही इयत्ता एका खोलीत आणि एकाच माणसाच्या गळ्यात. त्याखेरीज मी ब्रँच पोस्टमास्तरही होतो. त्यासाठी शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल, एक शिक्का आणि कुलपाची एक पेटी होती. टपालाची थैली घेऊन रनर सुप्याहून जंगलवाटेनं चालत येई, मंगळवारी आणि शनिवारी. जनावरांनी वाट सोडावी म्हणून त्याच्या काठीला घुंगरू बांधलेले असत. तो कधी तीनला येई, कधी पाचला. लोक दोनपासून येऊन बसत. त्यातल्या निम्म्यांना कधीच पत्र येत नसे.

दिवाळीनंतर या बसलेल्या लोकांना मी एक कादंबरी वाचून दाखवू लागलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. घरात मोठ्यानं बोलण्यासारखं कोणी उरलं नव्हतं, एवढंच असेल.

कादंबरी यमुनेची होती. तिनं ती पुण्याहून टपालानं मागवली होती आणि पार्सलवर शिक्का मीच मारला होता. गोष्ट प्रेमाची. माधवराव नावाचा तापट वकील आपल्या बायकोला, शालिनीला, रागाच्या भरात घराबाहेर काढतो आणि मग पुढची सगळी पानं हळूहळू माणूस होत जातो. यमुना रोज दहा पानं वाचायची आणि जेवताना मला सांगायची. दोनशे चौदाव्या पानावर शालिनी ट्रंक घेऊन नदीकाठी उभी आहे. पलीकडे नवऱ्याचं गाव. होडीवाला विचारतो, "बाई, येणार का?" तिथं प्रकरण संपतं.

"बसेल बघा ती होडीत," यमुना म्हणाली होती. "बायका शेवटी बसतातच."

मग तिनं दिवा लावला, विझवलेली आगकाडी खुणेसाठी त्या पानात घातली आणि पुस्तक मिटलं. त्याच संध्याकाळी तिला पहिली थंडी वाजून आली.

व्हरांड्यातले लोक ऐकायला चांगले होते. पण प्रश्न फार विचारत. "येवडी जड ट्रंक तिनं एकलीनंच आनली व्हय?" "होडीवाला मानूस बरा हाय न्हवं?" "पानी किती हाय नदीला?" बाळव्वा म्हणून एक म्हातारी होती. ती ऐकण्याआधी पुस्तकाला हात लावून नमस्कार करी. मी एकदा तिला सांगितलं की ही पोथी नव्हे. ती म्हणाली, "वाचून दावत्यात ती पोथीच की वो."

काडीपाशी आलो तेव्हा मी पुस्तक मिटलं. "पुढचं नंतर," म्हणालो. पुढच्या मंगळवारी मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. लोक नेहमीसारखे ऐकत राहिले. पोथी संपली की पुन्हा वाचतातच, असं त्यांनी धरलं असावं. दुसऱ्या खेपेलाही मी तिथंच थांबलो. तेव्हा मात्र परसूचा चेहरा उतरला.

परसू गुंदचाच. दोन वर्षांमागं कालवणात मीठ जास्त झालं म्हणून त्यानं बायकोपुढं ताट भिरकावलं होतं. ती, गौरी, दुसऱ्या दिवशी कुंभारवाडा या गावी माहेरी निघून गेली. आणायला जा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्याचं एकच उत्तर, "ज्या पायानं गेली त्या पायानं यील." पण तो कधी मंगळवार-शनिवार चुकवत नसे, आणि त्याला पत्र येत नसे.

त्या दिवशी सगळे उठल्यावर तो मागं राहिला.

"मास्तर, ती होडीत बसती का न्हाई, येवडं सांगा."

"मला माहीत नाही, परसू."

"पुस्तक तुमच्या हातात हाय की!"

"हातात आहे. वाचलेलं नाही."

"मग वाचा. म्हंजे मलाबी कळंल काय करायचं ते."

मी पुस्तक पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. मला त्याचं कळत होतं. पण ते पान उलटलं की यमुनेला ठाऊक नसलेलं काहीतरी मला ठाऊक होणार होतं. तेवढं मला जमत नव्हतं.

माघात इन्स्पेक्शन आलं. इन्स्पेक्शन म्हणजे खात्याचे डिप्टीसाहेब येऊन मुलांची परीक्षा घेतात, हजेरीपट तपासतात आणि लॉगबुक नावाच्या वहीत आपला शेरा लिहितात. मास्तरची बढती, बदली, नोकरी, सगळं त्या शेऱ्यावर असतं. आमचे डिप्टी शिस्तीचे होते. शाळेत मंजूर यादीबाहेरचं पुस्तक सापडल्यामुळे त्यांनी एका मास्तराला घरी बसवल्याचं मी ऐकून होतो.

ते बैलगाडीनं आले तो शनिवार होता. पाढे झाले, कविता झाल्या, नकाशा झाला. साहेब खूश दिसले. दुपारी ते व्हरांड्यात आले आणि रीतीप्रमाणे गावकऱ्यांना विचारलं, "मास्तरांविषयी काही तक्रार?"

असं विचारलं की लोक मान हलवतात आणि साहेब गाडीत बसतात. बाळव्वा उभी राहिली.

"मास्तर लई चांगला हाय, सायेब. पन एक तक्रार हाय."

"मुलांना मारतात?"

"न्हाई वो."

"शाळा उशिरा उघडतात? पितात?"

"त्यो कशाला पितोय! पोथी अर्दीच वाचत्यात. दोनदा अर्दी ठिवली. अर्दी पोथी ठिवल्यावर गावाला लागती. परसूचा बैल लंगडाय लागला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणती पोथी वाचता?"

मी तोंड उघडायच्या आत परसू बोलला, "माधवाची."

"काढा," साहेब म्हणाले.

मी पेटी उघडून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पहिलं पान पाहिलं, मधलं एक पाहिलं. कपाळावर आठी आली. "मास्तर, ही कादंबरी आहे."

"होय साहेब."

"शाळेच्या जागेत. मंजूर यादीत नसलेली. प्रेमाची."

"होय साहेब."

माझी नोकरी गेली, असं मी धरून चाललो. एकट्याला किती लागतं, असाही विचार आला. साहेबांनी खुणेचं पान उघडलं आणि चिमटीत काडी धरून बाहेर काढू लागले.

"ती राहू द्या," मी म्हणालो. फार मोठ्यानं म्हणालो. साहेबांपुढं मी तसा कधी बोललो नव्हतो आणि नंतरही बोललो नाही.

त्यांचा हात थांबला. "कुणी ठेवली ही?"

"आमच्या मंडळींनी. त्यांचं तिथपर्यंत वाचून झालं होतं. आषाढात वारल्या."

बाळव्वानं पदर तोंडाशी नेला. गावाला यमुना माहीत होती, काडी माहीत नव्हती.

साहेबांनी काडी होती तशी ठेवली. पुस्तक माझ्यापुढं केलं. मग कचेरीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "मजकूर आक्षेपार्ह आहे की नाही, हे ऐकल्याशिवाय मला शेरा मारता येणार नाही. पुढचं प्रकरण वाचा."

"साहेब..."

"हा हुकूम आहे, मास्तर."

सरकारी हुकूम पाळायची मला सवय होती. मी पान उलटलं.

पहिल्या ओळी माझ्या मलाच ऐकू आल्या नाहीत. मग आवाज लागला. शालिनी होडीत बसत नाही. ती होडीवाल्याला म्हणते, इथवर मी चालत आले, पलीकडे जाऊन तेवढं सांग, नदी मात्र त्यांनी ओलांडायची आहे. ती ट्रंकेवर बसून राहते. होडी रिकामीच पलीकडे जाते.

यमुनेचा अंदाज साफ चुकला होता. मला हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मी तिला मनातल्या मनात काही सांगितलं. बघ, नाही बसली, असं.

होडीवाला पलीकडे पोचून माधवरावाच्या दारात उभा राहतो, तिथं ते प्रकरण संपलं. माधवराव काय करतो ते पुढच्या प्रकरणात. तेवढ्यात घुंगरू वाजले आणि रनर आला.

"हां, मग?" साहेब म्हणाले. आणि लगेच सावरून, "म्हणजे, आणखी किती प्रकरणं आहेत?"

"चार, साहेब."

त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडीवानाकडे पाहिलं. उजेडी सुप्याला पोचायचं होतं. "चारही प्रकरणांचा गोषवारा लिहून सरकारी सर्व्हिस टपालानं माझ्याकडे पाठवा. खात्याला लागेल." गोषवारा म्हणजे थोडक्यात सारांश. खात्याला त्याचा काय उपयोग, हे मी विचारलं नाही.

लॉगबुकात त्यांनी लिहिलं ते मला पाठ आहे: 'अभ्यास समाधानकारक. शाळेच्या खोलीत कादंबरीवाचन करू नये. व्हरांडा टपालखात्याकडे असल्याने त्याबाबत या खात्याचे म्हणणे नाही.'

गाडी वळणाआड गेल्यावर मी खाली बसलो. मला पाणी परसूनंच आणून दिलं.

"नदी त्येनं वलांडायची म्हन की," तो म्हणाला.

"असं लिहिलंय खरं."

"वलांडतो का त्यो?"

"मंगळवारी वाचू."

"त्या माधवाचं त्यो बघून घील," परसू म्हणाला. "मी उद्या जातो."

मंगळवारी परसू आला नाही. शनिवारीही आला नाही. लोक हसू लागले. "घरजावई झाला गा परसू!" बाळव्वा त्यांना म्हणाली, "तुमी हसा. बैल चालाय लागला त्येचा, बघा जावा." बैलाचं खरं होतं. खुरातला काटा परसूच्या भावानं काढला होता.

त्याच्या पुढच्या मंगळवारी परसू आला, आणि त्याच्यामागं चार पावलांवर गौरी. ती व्हरांड्याच्या कडेला खांबाला टेकून बसली. बाळव्वानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "कसं काय धाडलं गे तुला ह्येच्यासंगट?"

"आठ दिस कालवणात मूठमूठ मीठ घातलं," गौरी म्हणाली. "ह्येनं मुकाट्यानं खाल्लं. नवव्या दिशी माजा बाच म्हनला, आता जा बाई, आमालाबी जेवाय येईना."

परसू जमिनीकडे बघत होता. लोक एवढे हसले की रनर आलेला कुणाला कळला नाही.

मी पुस्तक उघडलं. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. गौरी म्हणाली, "मास्तर, मी काय ऐकल्यालं न्हाई. आदीपासनं वाचा की."

मी परसूकडे पाहिलं. "वाचा," तो म्हणाला. "मला काय गडबड न्हाई आता."

तेव्हा मी तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून सुरुवात केली. या खेपेला शेवटपर्यंत वाचली. माधवराव नदी ओलांडतो. भिजतोही.

गोषवारा मी त्याआधीच, शेवट घरी एकट्यानं वाचून, पाठवला होता, दीड पान. तो तांबड्या शाईच्या एका ओळीसह परत आला: 'शेवट घाईत उरकलेला वाटतो. लेखकाने की आपण?' मी उत्तर दिलं की मी. ते खरं होतं. मग मी पूर्ण सहा पानं लिहून पाठवली. ती परत आली नाहीत.

नोकरीत मी पुष्कळ इन्स्पेक्शनं पाहिली. तक्रार नसलेली बरी, असं सगळे मास्तर म्हणतात. मीही म्हणत असे. पण ज्याचं तोंड बंद झालेलं असतं, त्याच्याविरुद्ध वेळेवर कुणीतरी वर तक्रार केलेली चांगली असते.

पुढं माझी खानापूरला बदली झाली. आता पेन्शन आहे. पुस्तक माझ्याजवळ आहे. त्याचा पुठ्ठा सुटला आहे. काडी दोनशे चौदाव्या पानात आहे.