डावी बाजू, उजवी बाजू

आमच्या बाजारात बाबांना सगळे कानसेन म्हणतात. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण इंजिन खोललं, की त्यातलं काय परत बसवायचं आणि काय भंगारात टाकायचं, हे ते कानाने ठरवतात. मोजमापाला मी आहे, त्यांची मुलगी. माझा विश्वास मायक्रोमीटरवर.

टेबलाच्या डाव्या बाजूला परत बसवायचं सामान, उजव्या बाजूला भंगार. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बाबा दोरीने छताला टांगतात, डोळे मिटतात आणि छोट्या हातोडीने हलकेच वाजवतात. चांगला असेल तर घुमत राहतो. आत तडा असेल तर बद्द वाजतो. बद्द वाजलेल्याचे ते स्वतः कटरने दोन तुकडे करतात, नाहीतर कुणीतरी पॉलिश मारून तो दुसऱ्याच्या गाडीत घालायचा.

मध्यंतरी एक निवृत्त शिक्षिका नवऱ्याची गाडी घेऊन आल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. "त्यांनी जपलेलं जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवा," एवढंच म्हणाल्या. मी एकेक पार्ट मोजला. पिस्टन झिजलेले, ते उजवीकडे गेले. क्रँक मात्र अगदी मापात होता. मी तो हौसेने टांगला. बाबांनी वाजवला आणि म्हणाले, "बद्द."

मला तर स्वच्छ घुमलेला ऐकू आला होता. रॉकेल लावलं, पुसलं, वर खडू फासून पाहिलं. तड्याची रेघ कुठेच उमटली नाही.

"बाबा, कान तपासून घ्या एकदा," मी तडकले. "बाईंना काय सांगू? तुमच्या नवऱ्याची आठवण कापून टाकली म्हणून?"

"घासायला पाठव. मग बोल."

लेथवाल्याने पहिला थर काढला आणि खालून केसाएवढी चीर निघाली. मी स्वतःच तो उजवीकडे ठेवला.

तिथवर ठीक होतं. पण मग बाबा घरातही वाजवायला लागले. चहा पिताना कपावर नख मारलं आणि म्हणाले, "बद्द." दुसऱ्या दिवशी त्याचा कान माझ्या हातात आला. खुर्ची झाली, बादली झाली. मी हसत होते. हसण्यावारी नेलं की बरं असतं.

मग धाकटे काका आले. बाबांनी नेहमीसारखी त्यांच्या पाठीत थाप मारली, "काय रे, अजून आहेस का?" आणि हात तिथेच राहिला. बाबांचे डोळे मिटले होते. काका हसत म्हणाले, "हात काढ की आता, का भंगारात काढतोस?" बाबांनी हात झटकन मागे घेतला. आठव्या दिवशी काका गेले. धडधाकट माणूस, बसल्या जागी गेला.

तेव्हापासून बाबांनी कुणाला हात लावला नव्हता. मला पाना द्यायचा तरी टेबलावर ठेवून मागे सरकायचे. मला त्यांची भीती वाटते, आणि ती वाटते याची लाज वाटते.

काल बाईंच्या गाडीसाठी तशाच जुन्या इंजिनातला दुसरा क्रँक मिळाला. बाबा हातोडी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आज तू वाजव."

मी डोळे मिटून वाजवला. "घुमतोय."

"डावीकडे ठेव." मग ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "आता मला."

"काहीतरीच काय!"

"वाजव, पोरी. स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही."

मी बोटाच्या पेराने त्यांच्या पाठीवर दोनदा वाजवलं. आवाज कपासारखाच आला. अगदी कपासारखा.

"घुमताय की छान," मी म्हणाले.

"कुठल्या बाजूला ठेवशील?"

"डाव्या."

ते वळले, माझ्याकडे बघत राहिले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी हात उचलला आणि माझ्या पाठीवर पेर टेकवून वाजवलं. त्यांचे डोळे बराच वेळ मिटलेले होते.

"तूही घुमतेस," ते म्हणाले, आणि क्रँक पुसायला घेतला.

ते खरं बोलले की माझ्यासारखंच, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.