खंडेनवमीचं पिस्तूल

पिस्तुलाचं तोंड माझ्या नवऱ्याच्या छातीकडं होतं आणि ते पिस्तूल खरं होतं.

कोल्हापुरात टीव्हीच्या गुप्तहेर मालिकेचं शूटिंग चाललं होतं. नवरा तिथं सुतार, मी त्याचा डबा घेऊन गेलेली. पिस्तुलं त्यानंच लाकडाची कोरलेली, आणि त्या दिवशी चोर म्हणून उभाही तोच. जवळून दाखवायला म्हणून एका इनामदाराचं खरं पिस्तूल आणलेलं. सकाळी खंडेनवमीची पूजा झाली. सगळी हत्यारं एकाच पाटावर, झेंडूच्या फुलांखाली. उचलताना अदलाबदल झाली.

लाकडी पिस्तूल हिरो बोटावर गरगर फिरवायचा. आता त्याचं मनगट खाली वाकत होतं. मी ओरडले, "थांबा की! ते जड हाय!"

"मावशी, शॉट घालवलासा!" दिग्दर्शक खेकसला.

पिस्तूल उघडलं. आत गोळी होती.

आज पुन्हा खंडेनवमी. घरात झेंडूचा वास, आणि नात मोबाईलवर तीच जुनी मालिका बघतेय. "आजी, यातलं खरं पिस्तूल कुठलं?"

"हात वाकला की समज."

तेव्हा मला त्या हिरोचा राग आला होता. आज बघितलं तर कोवळं पोरगंच होतं ते.

"मी कसा दिसतोय?" नवऱ्यानं मोबाईलमध्ये डोकावत विचारलं.

"चोरासारखा."

तो हसला आणि चहात खारी बुडवू लागला. ब्याऐंशी वर्षांचा आहे.